कोऱ्या कडेची भोकं

नागपूरच्या तांडापेठेत दिवसभर मागांची खटखट चाले, पण रुख्माबाई निनाव्यांच्या घरातला आवाज वेगळा ओळखू यायचा. पंचावर हातोडी पडायची, थांबायची, पुन्हा पडायची. मध्येच रुख्माबाई कुणाला तरी शिव्या घालायच्या. घरात दुसरं कुणी नसे. शिव्या पुठ्ठ्याला असत.

रुख्माबाई जकार्डचे पत्ते पाडायच्या. मागाच्या डोक्यावर जे जकार्डचं यंत्र बसवतात, त्याला साडीच्या काठाची नक्षी कळते ती या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांमधून. एक पत्ता म्हणजे नक्षीची एक ओळ. जिथं भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. असे पत्ते दोरीनं एकाला एक बांधले की लांबलचक साखळी होते, आणि ती यंत्रावर फिरत राहिली की खाली मोर, कमळं, रुईफुलं उतरत जातात. पण नुसत्या पत्त्यांकडे बघून यातून मोर निघणार की कमळ, हे कुणालाच सांगता येत नसे. आम्ही शेजारचे कधी विचारलं तर रुख्माबाई म्हणायच्या, "नक्शा समोर नसला तं मीबी आंधळीच. भोकं तं सारी सारखीच दिसतात."

हे काम त्यांच्या नवऱ्याचं. तो छातीच्या दुखण्यानं गेला तेव्हा मुलगी गोपिका परकरात होती. त्याच्या समोर बसून बसून जे डोळ्यांत उतरलं होतं त्याच्या भरवशावर रुख्माबाईंनी हातोडी उचलली. शाळा चौथीपर्यंत झालेली. आवाज मोठा, बोलणं तिखट, आणि रविवारचा रस्सा त्याहून तिखट. त्या घरचा रस्सा खाऊन बाहेरचा पाहुणा रडला नाही असं झालं नाही. गोपिका मात्र आईच्या उलट. बोलायची कमी. रद्दीतल्या पुठ्ठ्यावर स्वतःच्या नावाची भोकं पाडून तो खिडकीतल्या उन्हात धरायची आणि समोरच्या भिंतीवर उमटलेलं नाव बघत बसायची.

एकाहत्तर साली गोपिकेचं लग्न उमरेडच्या मधुसूदनशी झालं. तो बिजवर होता. त्याची पहिली बायको सुभद्रा आंभोऱ्याला शिवरात्रीच्या जत्रेत नदीत वाहून गेली, देह सापडला नाही, असं सगळ्या समाजाला ठाऊक होतं. मूलबाळ नव्हतं. घरचे माग होते, माणूस निर्व्यसनी, सासू प्रयागबाई गोड बोलणारी. रुख्माबाईंनी फार विचार केला नाही. लग्नात रीतीप्रमाणे सुभद्रेच्या नावाचा चांदीचा टाक घडवून देव्हाऱ्यात बसवला. नव्या नवरीनं मेलेल्या सवतीची रोज पूजा करायची, म्हणजे ती त्रास देत नाही. गोपिकेनं त्या टाकाला हळदकुंकू वाहिलं तेव्हा प्रयागबाईंनी डोळ्याला पदर लावला होता. रुख्माबाईंना ते बघून बरं वाटलं होतं. मेलेल्या सुनेसाठी रडते म्हणजे बाई मायेची.

लग्नाच्या आहेरात रुख्माबाईंनी एक नवा काठ दिला. स्वतः पाडलेल्या पत्त्यांची पूर्ण साखळी, जावयाच्या मागासाठी. वेलीवर बसलेले राघू. आणि गोपिकेसाठी एक हातपंच, कुठं पत्ता फाटला तर घरीच नीट करायला.

पुढची दोनेक वर्षं गोपिका माहेरी फारशी आलीच नाही. दिवाळीला म्हटलं तर घरात आजारी माणूस, संक्रांतीला म्हटलं तर मागावर काम. पत्र यायचं ते मधुसूदनच्या अक्षरात, खाली गोपिकेची नुसती सही. रुख्माबाई उमरेडला गेल्या की प्रयागबाई मायलेकींच्या मध्ये येऊन बसायच्या. पोरगी वाळली होती. विचारलं तर "बरी हाय" म्हणायची. अंगणापलीकडे एक कोठी होती. तिथं आपली आजारी वहिनी राहते, तिनं मौन घेतलंय, असं प्रयागबाईंनी सांगितलं होतं. रुख्माबाईंनी त्या कोठीच्या दिशेनं हात जोडले होते.

मग एक दिवस मधुसूदन राघूच्या काठाची साखळी खांद्यावर टाकून तांडापेठेत आला.

"आई, दोरी तुटली. नवी ओवून द्या."

"इतक्या लौकर?"

"काय मालूम. तुमच्या पोरीच्या हातानंच तुटून राहिली," असं म्हणून तो हसला. चहा प्यायला आणि मालासाठी इतवारीला गेला.

रुख्माबाईंनी दोरी ओवायला घेतली आणि त्यांच्या लक्षात आलं की पत्त्यांच्या एका कडेला फाजील भोकं आहेत. यंत्रात धागे उचलणारे जेवढे आकडे असतात तेवढे सगळे काठाला लागत नाहीत. कडेचे काही रिकामेच राहतात, त्यांना धागाच बांधलेला नसतो, म्हणून पत्त्याची ती कड कोरी सोडतात. तिथं भोक पडलं तरी काठात काही फरक पडत नाही. पण रुख्माबाईंना आपल्या कामात घाण चालत नसे. कुण्या येड्यानं पंच चालवला, असं बडबडत त्यांनी खळ केली, कागदाचे तुकडे कापले आणि एक एक भोक बुजवलं. कड पुन्हा कोरी झाली. मधुसूदन साखळी घेऊन गेला.

पावसाळा सरल्यावर तो पुन्हा आला. तीच साखळी, पुन्हा दोरी तुटलेली. आणि कडेला पुन्हा तीच भोकं. बुजवलेले कागद फोडून, त्याच जागी.

या वेळी रुख्माबाईंनी शिव्या दिल्या नाहीत. भोकाच्या कडा त्यांनी बोटानं चाचपल्या. उंदरानं कुरतडलेलं नव्हतं, खिळा मारलेला नव्हता. पंच सरळ धरून, एकाच ठोक्यात पाडलेली साफ भोकं होती. त्यांनी शिकवलेल्या हाताची.

जावई इतवारीला गेला होता. त्यांनी साखळी जमिनीवर अंथरली. बैठकीतून ओसरीपर्यंत पत्ते शेजारी शेजारी लागले. माळ्यावरचा जुना नक्शा काढून ताडून बघावं म्हणून त्या खाटेवर चढल्या, हात वर केला, आणि सहज खाली पाहिलं.

एका पत्त्यावर दोन-तीन भोकं, पुढच्यावर एक, त्याच्या पुढं चार. जवळून त्याला काही अर्थ नव्हता. खाटेवरून बघताना कोऱ्या कडेनं ओळीत अक्षरं चालली होती. सु. भ. द. रा.

रुख्माबाई खाटेवर उभ्याच राहिल्या. मग एक एक अक्षर लावत, ओठ हलवत, त्यांनी ओसरीपर्यंत वाचलं.

सुभदरा जिती हाय. भाऊले सांग.

पुढं कितीतरी वर्षांनी मला हे सांगताना रुख्माबाई म्हणाल्या, "खाली उतरता येईना. मी खाटेवर बसली अन् पाय वर घेतले, जसा खाली साप हाय."

पहिला विचार आला तो भलताच. सवत लागली. मेलेली सुभद्रा पोरीच्या अंगात आली आणि तिच्या हातानं लिहून राहिली. टाकाची पूजा चुकली असेल. रुख्माबाई देवापुढं नारळ ठेवायला उठल्यासुद्धा. पण 'भाऊले सांग' हे शब्द त्यांना सोडेनात. भूत कशाला भावाला निरोप देईल? आणि दोरी? दोरी आपोआप तुटत नव्हती. गोपिका ती कापत होती, साखळी आईकडे जावी म्हणून. मधुसूदन स्वतःच्या खांद्यावरून, स्वतःच्या घरातली चोरी इथं आणून टाकत होता, आणि वर हसत होता.

आणि मग त्यांना मागची खेप आठवली. खळ, कागदाचे तुकडे. पोरीनं जिवावर उदार होऊन पाडलेलं अक्षर न् अक्षर आपण आपल्या हातानं बुजवून त्याच माणसाच्या खांद्यावर परत दिलं. गोपिकेनं साखळी उघडून पाहिली असेल तेव्हा तिला काय वाटलं असेल? आईनं वाचलं आणि मुद्दाम मिटवलं? हे मनात आलं तेव्हा त्यांच्या तोंडून असा आवाज निघाला की शेजारच्या कुसुमताई धावत आल्या. रुख्माबाईंनी त्यांना सांगितलं की पायात गोळा आला.

मधुसूदन परतल्यावर त्या त्याच्याशी नेहमीसारख्या बोलल्या. म्हणाल्या, "दोरी सरली जवाईबापू. नवी आनून मीच घेऊन येतो साखळी. पोरीलेही भेटनं होईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी साखळी कापडात गुंडाळून त्या इतवारी स्टेशनावरून छोट्या गाडीत बसल्या आणि उमरेडच्या आधीच, कुहीला उतरल्या. सुभद्रेचा भाऊ चंद्रभान कुहीजवळच्या एका खेड्यात धान करायचा. घरचा माग बापाच्या पिढीतच बंद पडला होता. तो बांधावर धान कापत होता. रुख्माबाईंची त्याची ओळख नव्हती. आपण कोण हे त्यांनी सांगितलं, तेव्हा तो विळा खाली ठेवून नीट उभा राहिला. त्याच्या बहिणीच्या जागी जी नांदत होती तिची आई ही.

"बोला बाई."

"भाऊ, तुही बहीन वाहून गेली, ते तू पाह्यलं होतं?"

"मी नव्हतो तठी. मधुसूदन रडत आला, त्यानं सांगितलं. आम्ही चार दिवस नदी धुंडाळली. काहून विचारून राहिल्या?"

रुख्माबाईंनी बांधावरच साखळी पसरली. चंद्रभानला वाचता येत होतं. पण तो वाचून झाल्यावरही बघतच राहिला, जणू अजून काही पुढं येणार आहे.

"म्या तिच्या नावानं पुतळा जाळला," तो हळू म्हणाला. "कुशाचा. मुंडन केलं. पिंड ठेवला तं कावळा शिवेना. माही माय म्हने, सुभीचा जीव अटकला कुठीतरी. आम्ही समजावलं तिले." मग एकदम त्याचा आवाज चढला. "हे खोटं असलं तं, बाई, मी तुमच्या पोरीले सोडनार नाई!"

"खोटं असलं तं मीबी नाई सोडनार तिले," रुख्माबाई म्हणाल्या. "चाल."

त्याला गावातली माणसं सोबत घ्यायची होती. रुख्माबाईंनी अडवलं. गर्दी पाहिली की ते लोक बाईला मागच्या दारानं हलवतील. दोघंच गेली.

प्रयागबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. "या इहीनबाई," म्हणाल्या, आणि मागं चंद्रभान दिसला तेव्हा सूप त्यांच्या हातातून सुटलं नाही, फक्त थांबलं. मधुसूदन मागावर होता, त्याचा धोटा थांबला. गोपिका दारात आली. आईच्या काखेतली गुंडाळी पाहिली, चंद्रभानला पाहिलं, आणि ती दाराच्या चौकटीला धरून खाली बसली.

"पानी आन वं," प्रयागबाई तिला म्हणाल्या. कुणी हललं नाही.

चंद्रभान अंगणाच्या मध्ये गेला. कुठं बघावं त्याला कळत नव्हतं. त्यानं हाक मारली, लहानपणी शेतातून मारायचा तशी.

"सुभे! ए सुभे!"

कोठीत सुताच्या कांड्या भरायचा रहाट फिरत होता, तो थांबला. इतका वेळ तो आवाज चालू होता हे तेव्हाच सगळ्यांना कळलं. मग दाराच्या आतून कुणीतरी म्हणालं,

"चंद्रू?"

रुख्माबाई सांगायच्या, चंद्रभाननं ना आरोळी मारली, ना कुणावर धावला. त्यानं दोन्ही हात डोक्यावर ठेवले, जणू आभाळ खाली येत आहे. कोठीला बाहेरून कडी होती, कडीला कुलूप. त्यानं पाट्याचा वरवंटा उचलला आणि कुलूप फोडलं.

आत एक बारीक बाई उभी होती. वय गोपिकेपेक्षा फार जास्त नसेल. केस विंचरलेले, लुगडं स्वच्छ. उजवा हात पदराखाली लपवलेला. चंद्रभान पुढं झाला तशी ती मागं सरकली.

"शिवू नोको गा मले. मले महारोग हाय."

त्यानं तिला धरलंच.

प्रयागबाई मागून बोलत होत्या, एकसारख्या, शांतपणे, जसं काही हिशोबाचं बोलणं चाललंय. "हातावर चट्टे उठले तिच्या. बोट वाकून राह्यलं होतं. लोकाईले समजलं असतं तं आमची साडी कोनं घेतली असती? पोराले कोनी पोरगी देल्ली असती? दवाखान्यात नेलं असतं तं साऱ्या उमरेडात झालं असतं. नदीत नाई लोटली म्या तिले. घरात ठेवली. दोन टाइम जेवू घातलं."

"माय कशी हाय?" सुभद्रेनं भावाला विचारलं.

दोघांची आई सुभद्रेचे दिवस घातल्यानंतर वर्षाच्या आत गेली होती. सुभद्रेला ते त्याच्या तोंडावरूनच कळलं. तिनं तिथंच उंबऱ्यावर बसकण मारली. कोठीतून बाहेर येऊन तिला जे पहिलं कळलं ते हे.

त्या दिवशी चंद्रभान बहिणीला घेऊन गेला आणि रुख्माबाई पोरीला. मधुसूदननं कुणालाही अडवलं नाही. तो मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला होता तसाच बसून राहिला.

परतीच्या गाडीत गोपिकेनं आईला सांगितलं. कोठीतून भरलेल्या कांड्या येत, त्यांच्या सुतावर कधी कधी रक्त असे. एका दुपारी सासू झोपलेली असताना तिनं दाराला तोंड लावून विचारलं, मामी, बोट कापलं काय तुमचं? आतून आवाज आला, "कापलं असन. मले समजत नाई." तो म्हाताऱ्या बाईचा आवाज नव्हता. दुसऱ्या दिवशी गोपिकेनं नाव विचारलं. आतल्या बाईनं ते सांगितलं. गोपिका सकाळीच त्या नावाच्या टाकाला कुंकू लावून आली होती.

सासूला संशय आला तेव्हा तिनं एवढंच सांगितलं होतं, "तू दाराशी जाऊन बसून राह्यली, तुलेही रोग लागला असन. तोंड उघडशीन तं तुलेही तिच्याजवळच ठेवा लागन."

"मंग मले घेऊन जा, असं काहून नाई लिहिलं?" रुख्माबाईंनी विचारलं.

"माह्यासाठी तू कधीतरी आलीच असती आई. तिच्यासाठी कोन येनार होतं? ती तं मेली होती."

रुख्माबाईंनी मग खळ आणि कागदाचं सांगितलं. गोपिका खिडकीबाहेर बघत होती. "मले वाटलं, तुले भेव वाटलं," ती म्हणाली. "म्हनून मी पुन्हा पाडली."

पुढं जे झालं ते निराळंच. सीताबर्डीतल्या एका वकिलाकडे मायलेकी गेल्या. सगळं ऐकून तो म्हणाला, पहिली बायको जिवंत, फारकत नाही, म्हणजे तुमच्या मुलीचं लग्न कायद्यानं झालेलंच नाही. रुख्माबाई खुर्चीवरून उठल्या. "झालंच नाई? साऱ्या समाजानं अक्षता टाकल्या, अन् झालंच नाई?" गोपिका शांत बसून होती. तिला ते आधीच उमगलं होतं. ज्या क्षणी सुभद्रा जिवंत ठरेल, त्या क्षणी आपण त्या घरच्या कुणीच उरणार नाही, हे धरूनच तिनं पंच हातात घेतला होता. पोलिसांत तक्रार झाली, खटला लोंबत राहिला, मधुसूदन माग विकून कुठंतरी निघून गेला. प्रयागबाई त्या घरात एकट्या उरल्या.

सुभद्रेला डॉक्टरांनी गोळ्या लावून दिल्या. चट्टे गेले. हे दुखणं घरात राहून, चारचौघांत बसून बरं होतं, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा चंद्रभान त्यांच्या टेबलावर डोकं टेकून रडला. वाकलेलं बोट तेवढं सरळ झालं नाही. गोळ्या घ्यायला ती नागपुरात यायची आणि रुख्माबाईंकडेच उतरायची. आमच्या गल्लीतल्या बायका तिच्या हातचा चहा घ्यायला आधी कचरल्या. रुख्माबाईंनी आपल्या आवाजात काय ते सांगितलं, मग घेऊ लागल्या. गोपिकेनं पुढं हिंगण्याच्या एका शाळामास्तराशी लग्न केलं. त्या लग्नात सुभद्रा पंगतीत वाढत होती.

रुख्माबाईंचे डोळे गेल्यावर हातोडी बंद झाली. मी कधी जाऊन बसलो की बोलणं फिरून फिरून उमरेडच्या त्या अंगणात यायचं. तिथलं एकच त्यांना कधी उलगडलं नाही. सुभद्रेनंच त्यांना सांगितलं होतं की प्रयागबाई रोज ताजी भाकर करून द्यायच्या. सणाला पुरणपोळीवर तूप. थंडीत गोधडी. दर आठवड्याला आत जाऊन केस विंचरून द्यायच्या, हाताला फडकं गुंडाळून. आणि मग बाहेर येऊन कुलूप लावायच्या, आणि देव्हाऱ्यातल्या टाकासमोर दिवा.

"उपाशी ठेवलं असतं, मारलं असतं, तं मले समजलं असतं," रुख्माबाई म्हणायच्या. "पन तूप? तूप काहून वाढत होती गा ती बाई तिले?"

त्यांचे न दिसणारे डोळे माझ्या दिशेला रोखलेले असायचे, उत्तराची वाट पाहत.